बाबांच्या रेकॉर्डी कुणी सांभाळायच्या?

पत्राचा सारांश: मडगावला राहणाऱ्या, चौपन्न वर्षांच्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. माहेर फोंडा तालुक्यात. वडील गेल्या वर्षी वारले. गावच्या उत्सवी नाटकांत ते पदं म्हणायचे आणि आयुष्यभर त्यांनी रेकॉर्डी जमवल्या. काही तर आजोबांच्या वेळच्या. एकूण साधारण अडीचशे: निम्म्याहून जास्त ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या), बाकी एलपी आणि थोड्या छोट्या ईपी. शिवाय चावीचा फोनो (ग्रामोफोन), बंद पडलेला रेकॉर्ड प्लेयर, काही सीडी आणि गावच्या नाटकांच्या, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) भजनांच्या कॅसेटींची एक पिशवी. रेकॉर्डींना बाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा घरात दंडक होता. आता जुन्या घराचं छप्पर उतरवायचं आहे, पाऊस तोंडावर आहे, माळा रिकामा करणं भाग आहे. यजमान म्हणतात, भंगार आहे. मुलगा म्हणतो, सगळं यूट्यूबवर आहे. कॅनडातला धाकटा भाऊ म्हणतो, एकही विकायची नाही. न्यायला मात्र तयार नाही. आई आता मडगावलाच लेकीकडे असते, "तिला त्यातलं काही कळत नाही." जुन्या वस्तूंचा एक व्यापारी सगळ्या मिळून पंधरा हजार द्यायला तयार आहे आणि त्याला आठवड्यात उत्तर हवं आहे. "टाकल्या तर बाबांना टाकल्यासारखं वाटेल, ठेवल्या तर ठेवू कुठे?"

ताई,

आधी घाईचं बघू. तुमच्या पत्रात दोन मुदती आहेत आणि तुम्ही त्या एकाच दावणीला बांधल्या आहेत. छपराची मुदत खरी. मृगाआधी कौलं चढली नाहीत तर घराचं काय होतं, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. व्यापाऱ्याची मुदत मात्र त्याची त्याने ठरवलेली. इतकी वर्षं माळ्यावर पडून असलेल्या रेकॉर्डींचा भाव आठवड्यात कोसळणार नाही. अडीचशे नगांना पंधरा हजार म्हणजे नगाला साठ रुपये. असा उक्ता भाव करणारा माणूस ढिगातले दहा-वीस नग मनाशी हेरतो आणि बाकीचे वजनावर धरतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, तो त्याचा धंदा आहे. पण ते दहा-वीस कुठले, हे त्याला ठाऊक आणि तुम्हाला नाही, एवढ्याच कारणासाठी त्याला "चवथीनंतर बघू" म्हणून सांगा. खरी गरज असेल तर तो चवथीनंतरही येईल.

म्हणजे या महिन्यात तुम्हाला ठेवायचं की काढायचं हे ठरवायचंच नाहीये. माळ्यावरचं सामान सुखरूप खाली आणून एका कोरड्या खोलीत ठेवायचं, बस्स. ते हमालांच्या हाती देऊ नका. खोकी लहान घ्या, कारण ७८च्या वीस-पंचवीस तबकड्या म्हणजे चार-पाच किलो वजन सहज होतं. खोक्यात तबकड्या उभ्या ठेवा, फार सैल नाही आणि फार कोंबून नाही. एकावर एक आडव्या रचल्या की खालच्या तडकतात. आणि पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, दिवसांत आपल्याकडे हाताला लागेल ते उन्हात घालायची सवय असते: मिरच्या, सोलं, कडधान्यं, गाद्या. रेकॉर्डींना ऊन दाखवू नका. दुपारच्या उन्हात एलपी पापडासारखी वाकते आणि मग ती सहजी सरळ होत नाही. बुरशी दिसली तर पडवीत बसून, नाकाला मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. कुजकी कागदी कव्हरं वेगळी काढा, पण फेकण्यापूर्वी उलटसुलट वाचून घ्या. त्या काळची माणसं कव्हरावर बरंच काही लिहून ठेवायची: कधी घेतली, कितीला घेतली, सूर कुठला.

आता माणसांकडे येऊ. पत्रात सगळ्यांची मतं आहेत. यजमानांचं आहे, मुलाचं आहे, भावाचं आहे, व्यापाऱ्याचंसुद्धा आहे. आईबद्दल तेवढं एकच वाक्य, तेही तुमचं: तिला त्यातलं काही कळत नाही. हे आई म्हणाली की तुम्हीच ठरवलंत? ज्या बाईने रांधता-वाढताना वर्षानुवर्षं ती पदं ऐकली, तिला कुठल्या रेकॉर्डीत सुई कुठे अडकते हेसुद्धा पाठ असणार. हात लावायची मुभा नव्हती, कान काही कुणी बंद केले नव्हते. तिला शांतपणे विचारा, यातलं काय हवंय तुला? कदाचित दोन नावं सांगेल. कदाचित म्हणेल, एकही नको, त्या रेकॉर्डींनी माझ्या संसारातले किती पैसे खाल्ले ते मला विचार. तेही ऐकून घ्या. "असं काय गं बोलतेस" म्हणून मध्येच तोडू नका.

आणि हा नुसता मान राखायचा प्रश्न नाही, हक्काचाही आहे. आपल्या गोव्याच्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सहसा समाईक धरतात. एक गेला की अर्धी मिळकत मागे राहिलेल्याची. मृत्युपत्र नसेल तर उरलेल्या अर्ध्यात मुलगा आणि मुलगी सारख्याच वाट्याचे धनी. रेकॉर्डींसाठी कुणी इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वाटणी, घालत नाही, घालूही नये. पण "एकही विकायची नाही" असं फर्मान काढायचा अधिकार भावाला जेवढा आहे तेवढाच तुम्हाला आहे, आणि आईला तुम्हा दोघांहून मोठा.

भाऊ वाईट नाही हो. जो लांब राहतो त्याच्या डोक्यात घर तो सोडून गेला तेव्हाचंच असतं, माळ्यासकट, माळ्यावरच्या वासासकट. त्याला बुरशी दिसत नाही, छपराचा खर्च दिसत नाही. त्याच्याशी फोनवर भावनेच्या भाषेत बोलत बसलात तर दोघंही रडाल आणि रेकॉर्डी आहेत तिथेच राहतील. त्याला यादी पाठवा. यादीचं पुढे सांगते.

ठेवू की टाकू, हा प्रश्न तुम्ही अडीचशेच्या ढिगाला विचारताय म्हणून उत्तर मिळत नाही. एक-एक बाहेर काढून बघा. ७८ची तबकडी कडेने, दोन्ही तळव्यांत धरा, चऱ्यांना, म्हणजे सुई फिरते त्या बारीक रेघांना, बोट लागू देऊ नका. ती लाखेची असते. लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी. म्हणून ती अशी जड आणि म्हणूनच ठिसूळ. मधल्या गोल कागदावर कंपनीचं नाव, गाणाऱ्याचं नाव, पदाची पहिली ओळ, बऱ्याचदा नाटकाचं नाव आणि एक नंबर असतो. मग तबकडी खिडकीच्या उजेडात जरा तिरकी करा. कागद संपतो आणि चरे सुरू होतात त्या मधल्या गुळगुळीत पट्टीत आणखी एक नंबर उमटलेला दिसेल. तो मूळ मुद्रणाचा. एकच गाणं पुन्हा पुन्हा छापलं गेलं तर कुठली छाप आपल्याकडची, हे या दोन नंबरांवरून कळतं. दोन्ही लिहून घ्या, दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो काढा, तडा असेल तर तसं नोंदवा. एखादी तबकडी एकाच बाजूने भरलेली आणि दुसऱ्या बाजूने कोरी निघाली तर ती बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. ती हळूच बाजूला ठेवा.

हे काम तुमच्या मुलाला द्या. सगळं यूट्यूबवर आहे म्हणतो ना, मग त्यालाच शोधायला बसवा. प्रत्येक नोंदीपुढे "आहे" किंवा "नाही" लिही म्हणावं.

त्याचं म्हणणं बरंचसं खरं निघेल, हे आत्ताच सांगून ठेवते. एचएमव्हीचा जुना साठा आज सारेगामा कंपनीकडे आहे आणि त्यातलं पुष्कळसं सहज ऐकायला मिळतं. हिंदी सिनेमाच्या एलपी, गाजलेली भावगीतं, निवडक नाट्यपदांचे संच, यांच्यासाठी मडगावच्या फ्लॅटमध्ये जागा अडवायची गरज नाही. एखाद्या कव्हरावरच तुमचा किंवा आईचा जीव असेल तर गोष्ट वेगळी. पण शोधताना त्याला सांगा, पदाचं नाव सापडलं म्हणजे रेकॉर्ड सापडली असं नाही. एकच पद पाच-पाच जणांनी गायलेलं असतं. बाबा ज्यांच्या गळ्यातून ते शिकले तो गळा आहे का बघ. यंग इंडियासारख्या लहान कंपन्यांचं सगळं काही पुन्हा निघालेलं नाही. शिवाय यूट्यूबवर जे जुनं सापडतं त्यातलं कितीतरी कुणा संग्राहकाने स्वतःच्या तबकडीवरून चढवलेलं असतं. त्याने खातं बंद केलं की ते गेलं. तुमच्या बाबांसारखीच माणसं ती.

यादी करताना काही नावं डोळ्यांत तेल घालून बघा. तुमचा तालुकाच गाणाऱ्यांचा आहे. केरीच्या केसरबाई, मंगेशीचे दीनानाथ, बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे. पलीकडे कुर्डीच्या मोगूबाई, ज्यांचं गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. ही नावं लेबलावर दिसली की वेगळी ठेवा. छोट्या ईपींनाही कमी लेखू नका. ख्रिस पेरी आणि लॉर्ना, आल्फ्रेड रोझ यांची कोंकणी गाणी अशाच छोट्या तबकड्यांवर निघाली, आणि देशावेगळे झालेले गोंयकार त्या आवर्जून शोधतात. पण म्हणून हवेत इमले बांधू नका. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, त्याने तुमच्या माळ्यावरची त्यांची तबकडी लाखमोलाची होत नाही. किती प्रती उरल्या आहेत, चरे किती झिजलेत आणि घेणारा कोण, यावर किंमत ठरते. तडा गेलेल्या ७८ला बाजारात जवळजवळ काही मिळत नाही, आत कुणी का गाईना. जुनं म्हणजे मोलाचं असं म्हणणारा आणि जुनं म्हणजे भंगार असं म्हणणारा, दोघेही खोकं उघडून बघायचे कष्ट वाचवत असतात.

आता त्या पिशवीबद्दल. अख्ख्या पत्रात रेकॉर्डींवर दीड पान आणि कॅसेटींची "शिवाय एक पिशवी". मला विचाराल तर घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू ती पिशवी आहे.

रेकॉर्ड ही छापलेली वस्तू. बाबांकडची गेली तरी तिची दुसरी प्रत बहुतेक कुठल्या ना कुठल्या कपाटात असते. देवळापुढच्या मांडवात उत्सवाला झालेलं नाटक, रात्र उलटून गेल्यावर भरात आलेलं, बाबा गातायत, ऑर्गनवाला त्यांच्या मागे धावतोय, मागून कुणीतरी "वन्स मोअर" ओरडतंय, जवळच कुणाचं तरी मूल रडतंय. हे त्या पिशवीतच आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. आणि नेमकी हीच वस्तू सगळ्यांत आधी मरते. लाखेची आणि व्हिनाइलची तबकडी नीट ठेवली तर तुमच्या-माझ्यामागे टिकेल. कॅसेटची फीत आपल्या दमट हवेत बुरशी धरते, चिकटते, आतला दाबाचा नमद्याचा बारीक तुकडा सुटून पडतो. सीडींचंही तेच. कंपनीने छापलेल्या बऱ्या टिकतात, पण कॉम्प्युटरवर घरी भरलेल्या सीडींचा भरवसा धरू नका. म्हणून रेकॉर्डींचा निर्णय हवा तर पुढच्या वर्षी घ्या, पिशवी मात्र पाऊस सुरू व्हायच्या आत उघडा.

कॅसेट हातात घेतली की आधी वरच्या कडेच्या मागच्या बाजूला असलेल्या दोन प्लास्टिकच्या पाकळ्या मोडून टाका, म्हणजे चुकूनसुद्धा तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. मग खिडकीतून फीत बघा. पांढरी लव दिसली तर ती घरच्या प्लेयरला लावू नका. ती बुरशी यंत्राला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. तशा कॅसेटी वेगळ्या ठेवून ध्वनिमुद्रणाचं काम करणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्या. स्वच्छ असतील त्या एकदा शेवटापर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, आणि मग प्लेयरची हेडफोनची तार कॉम्प्युटरला जोडून ऑडासिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर उतरवा. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात ठेवा. मिनिटाला साधारण दहा एमबी लागतात, तासाची कॅसेट सहाशे एमबीत बसते; आजच्या हिशेबाने काहीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला वेगळी एमपी३ करा. खरखर काढून टाकायचा मोह होईल, तो मूळ प्रतीवर करू नका. आणि हे सगळं आईच्या शेजारी बसून करा. कोण गातंय, पेटीवर कोण, कुठलं वर्ष, हे तीच सांगू शकेल, आणि फाइलचं नाव त्यावरूनच द्यायचं आहे. फाइलींची एक प्रत तुमच्याकडे, दुसरी कॅनडात. भावाला काहीतरी सांभाळायचंय ना, हे सांभाळ म्हणावं. त्याला कपाट लागत नाही.

आणखी एक गंमत करून बघा. आपल्या उत्सवी रंगभूमीवरच्या किती तरी जणांनी पदं रेकॉर्डींवरूनच उचलली. रंगमंचावर गायक रंगला की एकेक पद पंधरा-पंधरा मिनिटं चालायचं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन मिनिटं मावायची. म्हणून गवयाने तिथे ताना छाटल्या, कधी पदाचे दोन भाग करून दोन बाजूंना घातले. ज्यांनी मूळ नाटक कधी पाहिलंच नव्हतं त्यांनी गावात तीच छाटलेली चाल बसवली, आणि ती तिथली रीत होऊन बसली. बाबांनी घोकलेली एखादी तबकडी आणि तेच पद त्यांनी गायलेली कॅसेट लागोपाठ ऐका. कुठे तान जशीच्या तशी आहे आणि कुठे बाबांनी आपली घातली आहे, ते तुम्हाला गाण्यातलं फारसं कळत नसलं तरी कळेल. ती तबकडी तेवढी काही झालं तरी काढू नका. तिला तडा गेलेला असला तरी.

"टाकल्या तर बाबांना टाकल्यासारखं" असं लिहिलंत. बाबांनी त्या माळ्यावर ठेवायला घेतल्या होत्या का? पदं बसवायला घेतल्या. हात लावायचा नाही हा दंडकही चऱ्यांसाठी होता. रेकॉर्ड घेणं परवडणारी गोष्ट नव्हती, बोटांचं तेल लागलं की धूळ चिकटते, फोनोची लोखंडी पिन दर बाजूला बदलावी लागते, पोरांच्या हातून पडली की दोन तुकडे. त्यांचा कडकपणा रास्तच होता. पण तोच दंडक आज तुम्ही पाळत बसलात तर त्या रेकॉर्डी बुरशीच्या हवाली करताय. गावात उत्सवाचं नाटक अजून होतं ना? तिथे आज पदं म्हणणारा जो कुणी विशी-पंचविशीतला मुलगा असेल, त्याला बाबांच्या दहा रेकॉर्डी आणि उतरवलेल्या फाइली दिल्या, तर बाबांच्या संग्रहाची त्याहून चांगली वाट मला तरी सुचत नाही. आणि वर्षच झालंय अजून. एखादं खोकं उघडायचा धीर झाला नाही तर ते तसंच राहू द्या. उघडलंच पाहिजे असा नियम कुठे नाही.

मग बाकीच्यांचं काय? संस्थेला देऊन टाकू, हे बहुतेकांच्या मनात येतं, कारण त्याने मन हलकं होतं. पण यादीशिवाय अख्खा ढीग संस्थेत नेऊन टाकणं म्हणजे आपला माळा दुसऱ्याच्या माळ्यावर चढवणं. आधी यादी पाठवा आणि विचारा: या वाजवायचं यंत्र आहे का, उतरवून लोकांना ऐकायला देणार का, नको असलेल्या परत कराल का? पणजीत पाटोला कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ज्याचा इतिहास १८३२पासूनचा. कला अकादमी आहे. मुंबईत १९९० साली सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांचीच संस्था. यादीतले नंबर बघून त्यांतलं दुर्मिळ काय हे अशा मंडळींना चटकन कळतं. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीताचं मोठं अभिलेखागार आहे, १९८२ साली सुरू झालेलं. तिथे लिहाल तेव्हा कॅसेटींबद्दल आधी लिहा, गावात प्रत्यक्ष मुद्रित केलेल्या गोष्टींचं मोल त्यांना ठाऊक असतं.

विकायला हरकत काहीच नाही आणि त्याची लाजही नको. डिस्कॉग्स नावाच्या संकेतस्थळावर नंबर घालून बघितलं की तीच छाप आधी कितीला गेली याचा अंदाज येतो. मग त्या व्यापाऱ्यालाच पुन्हा बोलवा, पण आता नगावर बोला. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारातही एलपी घेणारे भेटतात. आलेल्या पैशांतला आईचा वाटा आईच्या हातात द्या, छपराच्या खर्चात परस्पर वळता करू नका.

उतरवलेलं इंटरनेटवर चढवायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा: आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, आणि कवी-संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर साठ वर्षं. घरी ऐकायला ही अडचण नाही.

तडकलेल्या, पार झिजलेल्या आणि कुणालाच नकोत अशा उरतील, त्या मात्र टाका. बिनदिक्कत टाका. फक्त परसात पाल्याबरोबर जाळू नका. एलपी म्हणजे पीव्हीसी, त्याचा धूर विषारी असतो. पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्या. एलपी गरम करून तिची वाटी करायचे व्हिडिओ कुणीतरी तुम्हाला पाठवेलच. खराब झालेल्यांची करा बापडी, चांगल्यांची नको.

ठेवायच्या किती? जेवढ्या वर्षातून एकदा तरी लावाल तेवढ्या. माझ्या अंदाजाने त्या एका फळीवर मावतील. आतल्या खोलीत, पश्चिमेची भिंत सोडून, उभ्या ठेवा. आतून नवी कागदी पाकिटं घाला, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसात कपाट अधूनमधून उघडं टाका. पुसताना एक गोष्ट विसरू नका: लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, कसलाही अल्कोहोल लावायचा नाही. सुताराचं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच असते, तेव्हा तुमच्या रेकॉर्डीचं काय होईल ते समजा. डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, चऱ्यांच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून, आणि मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा. बंद पडलेला प्लेयर भंगारात देण्याआधी जाणकाराला दाखवा, बरेचदा पट्टा आणि सुई बदलली की तो फिरू लागतो. ७८ आणि एलपी यांची सुई वेगळी लागते, एकीवर दुसरी चालवू नका. चावीच्या फोनोवर एलपी तर कधीच लावू नका. त्याचा जड हात आणि लोखंडी पिन एकाच फेरीत चरे खरवडून काढतात. फोनोची चावी पूर्ण भरून ठेवून देऊ नका, वाजवून झाल्यावर स्प्रिंग सैल होऊ द्या.

यादी झाली की भावाला पाठवा आणि सोबत एवढंच लिहा: आईने तिच्या निवडल्या, मी माझ्या निवडल्या, तुला हव्यात त्यांवर चवथीपर्यंत खूण कर, खूण केलेल्या तू येईपर्यंत ठेवीन, त्यानंतर नाही. खुणा फार निघणार नाहीत असं मला वाटतं. निघाल्याच, तर यायच्या वेळी सामान कमी आण म्हणावं. एलपी जेमतेम तीस सेंटिमीटरची असते, दहा-पंधरा तरी केबिनच्या बॅगेत उभ्या बसतात.